आधी बेडूक जेवेल

नाकतोडा पकडायचा तर सकाळी, दव असतानाच. उन्हं वर आली की तो तुमच्या बापाला सापडत नाही. दवानं त्याचे पाय आखडलेले असतात, काडीला गच्च धरून बसलेला असतो, तेव्हा वरून नुसती ओंजळ टाकली तरी हाती लागतो. ही विद्या मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आली. त्याआधी सत्तावीस वर्षं मी त्याच रानात निंदण-खुरपण केलं, नाकतोडे पायावर उडले की शिव्या देऊन झटकले, आणि त्यांचा कुणाला काही उपयोग असेल असं कधी मनातही आलं नाही.

गावात मला अजून किडेवाली म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मात्र एक भाजीवाली तोंडावरच विचारते, "काय बाई, आज किडे न्हाई आणले इकायला?" मी हसण्यावारी नेते. घरी येऊन पिशवी ठेवते आणि मग त्या दिवशी मला धड जेवण जात नाही.

हे सगळं सुरू झालं माझ्या सासूमुळं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचा एक नेम होता. गोठ्यातल्या जनावरांच्या पुढ्यात वैरण पडून त्यांनी दोन घास खाल्ल्याशिवाय त्या दिवसाची पहिली भाकरी मोडत नसत. चहा चालायचा, चहाला त्या अन्न मानत नसत. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा विचारलं होतं, असं काहून म्हणून. म्हणाल्या, "ज्याला मागता येत न्हाई त्याचं आधी. आपल्याला मागता येतं, आपुन थांबावं."

चांगलं वाटलं ऐकायला. पण सासू थांबणार म्हणजे सून आणखी थांबणार, हा हिशेब त्यांनी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. आमच्याकडं सासूच्या आधी सून ताटावर बसत नाही. बसली तर कुणी फाशी देणार नाही, पण बसत नाही. बैल वैरणीला लवकर तोंड लावत होते तोवर यात काही तकलीफ नव्हती.

मग बैल विकले. भाड्याचा ट्रॅक्टर अर्ध्या दिवसात सगळं रान नांगरून जातो, मग दोन बैलांना वर्षभर बांधून काय करायचं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आणि ते बराबरच होतं. वैशाखात टेम्पो आला आणि जोडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई रिकाम्या दावणीसमोर पाट टाकून बसल्या. भाकरी पुढ्यात, हात गुडघ्यावर. मी म्हटलं, "आत्याबाई, आता कुणाची वाट बघायची?" दुपारी शेजारचं कुत्रं आलं, त्याला तुकडा टाकला, त्यानं खाल्ला, पण त्यांचं समाधान झालं नाही. घरातलं पाहिजे, म्हणाल्या. दिवस मावळायच्या सुमारास निम्मी भाकरी खाऊन उठल्या. पुढचे कित्येक महिने असंच. पोळ्याला मी बाजारातून मातीचे बैल आणले, पुजले, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. आत्याबाई लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "मातीचं प्वाट कसं भरायचं, बाई?"

त्याच पावसाळ्यात रांजणामागचा बेडूक त्यांच्या नजरेला पडला.

बेडूक आधीपासून असावा. ओसरीच्या कोपऱ्यात आमचा पाण्याचा रांजण, त्याचं बूड झिरपतं, त्यामुळं मागची जागा बारा महिने ओली. तिथं हा मुठीएवढा मातकट गडी, अंगभर फोड, गळा सारखा धडधडता. मी पाहिला असता तर झाडूनं बाहेर लोटला असता. आमच्याकडं लेकरांना सांगतात, बेडकाला शिवलं की हाताला चामखिळी येतात. आत्याबाईंनी त्याला शिवून पाहिलं. मग जुन्या डाळीतला एक किडा त्याच्यापुढं टाकला. किडा वळवळला. बेडूक एकदम पुढं झाला, जीभ दिसलीसुद्धा नाही, किडा गायब. त्यानं डोळे मिटून गिळलं आणि आत्याबाई हसल्या. "हाय की घरात," म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळून, "वाढ गं." त्या सकाळी नऊ वाजता आम्ही दोघी जेवलो. मला खरंच हायसं वाटलं. चार-पाच महिन्यांनी वेळेवर पोटात काही गेलं होतं.

तो हिवाळाभर, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, त्यांनीच त्याला खाऊ घातलं. सकाळी कोंड्यात, जुन्या कडधान्यात किडे शोधत बसायच्या. दिवसा बेडूक बाहेर येत नाही म्हणतात, आमचा यायचा. कुणी खाऊ घालणारं असलं की सगळ्यांच्या सवयी बदलतात.

फाल्गुनात आत्याबाईंना लकवा झाला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जड झालं, पण समजत सगळं होतं. दवाखान्यातून आणलं ते ओसरीवरच्या खाटेवर, रांजणासमोर. शुगरची गोळी आधीपासून होतीच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, गोळी आणि उपास एका घरात नांदत नाहीत, सकाळी गोळी गेली की तासाभरात पोटात अन्न गेलंच पाहिजे. मी मान हलवली. हो म्हणायला आपल्या बापाचं काय जातं.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी गोळी दिली आणि भाकरी दुधात कुस्करून घास पुढं केला. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. डाव्या हातानं रांजणाकडं बोट केलं. मी म्हटलं, खाल्लं त्यानं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा घास पुढं केला तर ताट लोटून दिलं. अकरा वाजले तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला, डोळे फिरले, हात गार पडला. जिभेवर साखर चोळली, शुद्धीवर आल्या, आणि पुन्हा बोट रांजणाकडं. माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, मरा मग. आणि लगेच घाबरले, कारण त्या खरंच मरू शकत होत्या, एका बेडकापायी, माझ्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवसापासून मी आधी बेडकाला जेवू घालायला लागले, गोळी मग.

पहिले काही दिवस नुसती फजिती. मेलेल्या माशा टाकल्या, बेडकानं ढुंकून पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा टाकला, त्यावर बसला. हलतं ते अन्न आणि हलत नाही ते नाही, एवढंच त्याला कळतं. मग मी मेलेली माशी केरसुणीच्या काडीला टोचून त्याच्यापुढं नाचवली. त्यानं खाल्ली. मी विजयानं खाटेकडं पाहिलं तर आत्याबाई तुटक तुटक म्हणाल्या, "म्येलेलं... खाऊ घालतीस व्हय?" आणि त्या दिवशी भाकरीऐवजी ताकावर भागवलं. त्यानंतर काडी फेकून दिली.

मग जिवंत पकडणं आलं. शिकवायला कुणी नव्हतं. तुटलेल्या टोपलीची तार वाकवून गोल केला, त्याला फाटकी मच्छरदाणी शिवली, मागं दांडा बांधला. दव असताना बांधावरच्या गवतावरून ती दोन-चारदा फिरवली की नाकतोडे, टोळ, चतुर, काही ना काही अडकायचं. रातकिड्यांसाठी भिंतीच्या कडेला ओलं गोणपाट अंथरायचं, खाली मूठभर कोंडा आणि काशीफळाची साल. सकाळी गोणपाट उचललं की पळापळ व्हायची, त्यात जे हाताला येईल ते डब्यात. चैत्रात काहीच मिळेना तेव्हा माझ्या आईकडची एक युक्ती आठवली. ती कोंबड्यांसाठी करायची. मडक्यात ओलं शेण आणि कडब्याचे तुकडे ठासून ते वारुळावर उपडं ठेवायचं. तिसऱ्या दिवशी मडकं वाळवीनं बुजबुजलेलं असतं. मृगानंतर दिवेलागणीला ओसरीच्या बल्बखाली पांढरं धोतर टांगलं की पंखवाले किडे एवढे यायचे की डबा भरून सकाळपुरते ठेवता यायचे.

माशांसाठी पाण्याची बाटली वरून कापून तोंड उलटं आत बसवलं आणि तळाशी केळ्याची साल टाकली. माशी आत जाते, बाहेरची वाट तिला सापडत नाही. पण बाटली उघडली की सगळ्या उडून जायच्या. म्हणून मी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची, गारठ्यानं माशा पेंगुळतात, मग एकेक बेडकापुढं ठेवली की ऊब लागून हलायला लागते. एकदा नवऱ्यानं पाणी प्यायला म्हणून फ्रिज उघडला आणि ती बाटली काढली. त्यानं जे शब्द वापरले ते इथं लिहीत नाही. नंतर म्हणाला, "बैल हुते तवा एवढी खातीर केली न्हाईस." ते खरं होतं. पण बैलांच्या न खाण्यानं त्याची आई मरणार नव्हती. त्याला ते दिसत नव्हतं, कारण तो सकाळीच शिदोरी बांधून रानात जायचा आणि भूक लागली की बांधावर बसून खायचा. घरातली रांग त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. आधी बेडूक, मग आत्याबाई, मग मी.

खरं सांगते, त्या बेडकाचा मला राग यायचा. किडा पुढ्यात फिरत असताना तो कधीकधी अर्धा तास नुसता बघत बसायचा. खाटेवरून आत्याबाई बघताहेत, मी उकिडवी बसून बघतेय, पोटात कावळे ओरडताहेत, आणि हा गळा हलवतोय. मी दबक्या आवाजात त्याला नाही नाही ते बोलायची. तो गिळायचा, आत्याबाई तोंड उघडायच्या, माझ्या हातातला घास आत जायचा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. भुकेनं यायचं की कशानं, त्यावर मी कधी विचार केला नाही.

पावसाळा सरला आणि किडे कमी झाले. मी आधी थंडीवर ढकललं. पण तेवढंच नव्हतं. पूर्वी बांधावर कमरेएवढं गवत असायचं, आता बांधावरही तणनाशक मारतात. बांध पिवळा पडतो, मग काळा, आणि तिथं मुंगीसुद्धा दिसत नाही. कापसावर फवारणी, सोयाबीनवर फवारणी, सोयाबीन निघालं की हरभऱ्यावर फवारणी. मी जाळी घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बांधांवरून हिंडायची, तासातासानं दोन किडे. लोक म्हणायचे, वेड लागलं बाईला. एका म्हाताऱ्यानं मात्र थांबून सांगितलं, "किडं ऱ्हाइलं न्हाईत माय आता. दिव्यावर बी येत न्हाईत." मला तेव्हा ते मनावर घ्यायला सवड नव्हती. मला रोज तीन-चार लागायचे, बस.

मार्गशीर्षात लागोपाठ दोन दिवस काही सापडलं नाही. गोणपाट कोरडं, बाटली रिकामी, वारुळावरचं मडकं तसंच. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी चहा आणि ताक घेतलं. मी घाबरून गोळी दिलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या ताकालाही नको म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ पांढरे पडले होते, आणि मला उठताना भिंतीला धरावं लागलं. जाळी टाकून मी गोणी घेतली आणि आमच्या तुरीत गेले.

तुरीच्या शेंगांवर तेव्हा घाटेअळी असते. जुन्या लोकांची रीत अशी की झाडाखाली पोतं अंथरायचं आणि झाड गदागदा हलवायचं, अळ्या पटापट पोत्यावर पडतात. पूर्वी त्या गोळा करून मारत किंवा कोंबड्यांना घालत. फवारा आल्यापासून एवढी मेहनत कोण करतो. मी पहिलं झाड हलवलं आणि हिरव्या, गुबगुबीत अशा वीस-पंचवीस अळ्या पडल्या. देवच पावला. पण पोतं उचलताना वास आला. तोच, उग्र, डोक्यात जाणारा. नवरा काल संध्याकाळी पंप पाठीला लावून गेला होता, ते मला माहीत होतं. तो कुठल्या बाजूला गेला ते मी विचारलं नव्हतं.

अळ्या वळवळत होत्या. जिवंत आहेत म्हणजे यांच्यावर पडलं नसावं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मग मी जे केलं ते आमच्या गावातली कुठलीही बाई करेल. घरी आणून त्या परातीत टाकल्या आणि तीन पाण्यांनी धुतल्या. फवारलेल्या रानातली वांगी आम्ही धुऊन खातो. मेथी धुऊन खातो, हरभऱ्याची भाजी धुऊन खातो. धुतलं की गेलं, असं मानून आम्ही लेकरं वाढवली. तिसऱ्या पाण्याला वास राहिला नाही, की माझ्या नाकाला सवय झाली, देव जाणे.

मी परात रांजणाशी नेली. आत्याबाई मान वळवून बघत होत्या. मी एक अळी टाकली. बेडूकही दोन दिवसांचा उपाशी होता. त्यानं ती लगेच उचलली, मग दुसरी, मग आणखी तीन. डोळे मिटून मिटून गिळत होता. आत्याबाईंनी अख्खी भाकरी खाल्ली, वर थोडा भात मागितला. लकवा झाल्यापासून इतकं त्या कधी जेवल्या नव्हत्या. मीही जेवले. हात धुताना मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

दुपारी मी दळण घेऊन गिरणीवर गेले. वीज गेली, तिथं दीड-दोन तास गेले. परत आले तर बेडूक ओसरीच्या मधोमध पडलेला. रांजणापासून चांगला चार हात लांब. मागचे पाय ताणून सरळ झालेले, पोट वर, तोंडाशी फेसासारखं काही. मी दळणाचा डबा तसाच खाली ठेवला. पाहिलं, आत्याबाई भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या. मला वाटलं, सुटले. मी बेडकाला सुपात घेतलं, वर फडकं टाकलं आणि मागच्या दारानं परसात जाऊन शेवग्याच्या बुडाशी पुरलं. वरची माती सारखी केली. आता या खाणार नाहीत, आणि ते माझ्यामुळं.

खोटं मी परसातच रचलं. संध्याकाळी ताट घेऊन गेले. आत्याबाई जाग्या होत्या, डोळे आढ्याला लावलेले. त्यांनी विचारण्याआधीच मी सांगून टाकलं, "आत्याबाई, त्यो गेला भुईत. थंडी पडली न्हाई का. बेडूक थंडीत झोपत असतंय. आता जेठात निघंल. झोपलेल्याला काय भूक नसते." बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की गेल्या हिवाळ्यात तो कुठंही गेला नव्हता, आणि त्या हिवाळ्यात त्याला रोज खाऊ घालणाऱ्या त्याच होत्या.

त्यांनी आढ्यावरची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "तू... खाल्लंस?"

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई अजून."

"मंग आण," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

त्या हिवाळ्यात त्या रोज वेळेवर जेवल्या. सकाळी गोळी, मग भाकरी. डॉक्टर म्हणाले, छान काळजी घेताय. नवरा म्हणाला, "बरं झालं, ती बला गेली." मी जाळी माळ्यावर टाकली, बाटली फोडली. सुख म्हणतात ते हेच असावं, पण मला ते लागत नव्हतं. रांजणात तांब्या बुडवताना मी मागं बघायची नाही. आणि आत्याबाई त्याचं नाव काढत नव्हत्या. निघाला का, कधी निघेल, काही नाही. मला वाटायचं, विसरल्या. मग वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला असं फसवून जेवू घालतेय, हे पाप कुठं फेडणार. पण जेवताहेत ना, असं म्हणून मी दिवस ढकलत होते.

जेठ आला तशी माझी झोप उडाली. आता निघायला पाहिजे होता. ओढ्याकडं बेडकं ओरडायला लागली, ते खाटेवर ऐकू येत असणार. मी एके सकाळी मोटारीच्या हौदावर गेले आणि दगडाखालून त्याच मापाचा, तसाच मातकट बेडूक धरला. पदराखाली झाकून आणला, रांजणामागं सोडला. गोणपाटाखालचे दोन रातकिडे आणले. आदल्या रात्री गोणपाट अंथरलेलं त्यांनी पाहिलंच होतं. मी उगाच मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, बघा, कोन निघालं!"

त्यांनी मान वळवली. बेडकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्यो न्हवं," म्हणाल्या.

मी काहीतरी बडबडले, थंडीत वाळलाय, रंग बदललाय. त्यांनी डावा हात वर केला आणि मी गप्प बसले.

"त्यो म्येला," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते, पण एकेक नीट येत होता. "हितंच. म्होरं. तू गिरनीवर गेल्तीस. म्या बघून राहिले व्हते."

तेव्हा मला ते झोपणं आठवलं. लकवा झाल्यापासून त्यांना कुशीवर मीच वळवायची, दोन्ही हात लावून. त्या दिवशी त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या, आणि त्यांना कुणी वळवलं हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. बेडूक मरताना बघून झाल्यावर, मला तो गुपचूप उचलता यावा म्हणून, एका हातानं खाट धरून त्यांनी स्वतःला वळवलं होतं.

मी त्यांच्या पायाशी बसले. रडायला आलं. म्हटलं, "मंग तुमी खाल्लं काहून?"

"तू उपाशी व्हतीस म्हनून. माझ्या मागं तुजंच प्वाट व्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "तू तरी कवा मागितलंस?"

मी, जिनं त्या बेडकाला शिव्यांची लाखोली वाहिली, जिच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असते, तिला आयुष्यात तेवढंच एकदा कुणीतरी मुक्या जिवांत धरलं. मी सगळं सांगून टाकलं. तूर, पोतं, वास, तीन पाणी. "आत्याबाई, मला वास आल्ता. तरी घातलं म्या."

त्या बेडकाकडं बघत होत्या. नवा बेडूक रातकिड्याच्या मागं लागला होता.

"मला बी आल्ता," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी विचारलं, "मंग बोल्ल्या काहून न्हाई?"

त्यांनी डोळे मिटले. "भूक लागली व्हती, बाई."

उन्हं ओसरीवर आली तेव्हा त्या म्हणाल्या, ह्याला सोडून ये, घरात ठेवू नको. मी हौदापाशी जाऊन त्याला सोडला. परत आले, भाकरी कुस्करली, त्यांना भरवली, मग मी खाल्ली. रातकिड्यांचा डबा उघडा राहिला होता, ते कधी पळाले ते कळलं नाही.

त्याच वर्षी भादव्यात आत्याबाई गेल्या. दुसरा झटका आला, दुपारच्या दुपारी आटोपलं. सकाळी त्या जेवल्या होत्या.

दहाव्याला ओढ्यावर पिंड मांडला. कावळा शिवल्याशिवाय घरच्यांनी तोंडात पाणी घालायचं नाही, ही रीत. सगळे लांब झाडाखाली बसले. कावळाच नाही. दहा वाजले, बारा वाजले. पूर्वी त्या ओढ्यावर बाभळी काळ्या व्हायच्या कावळ्यांनी. लोक बोलायला लागले, म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय. कुणी म्हणालं बैलांत. माझ्या नवऱ्यानं हात जोडून सांगितलं, "माय, पुढल्या पोळ्याला जोडी आनतो." वर आभाळ रिकामंच. मला माहीत होतं की काही अडकलेलं नाही, यायला कावळाच उरलेला नाही. तो म्हातारा किड्यांबद्दल सांगत होता, ते आता मनावर घ्यायला मला सवड होती.

दोन वाजता लेकरं रडकुंडीला आली, म्हातारी माणसं चक्कर येऊन टेकली. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, गवताच्या चार काड्या वळून गाठ मारली, आणि तो पिंडाला टेकवला. शिवला, म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला आत्याबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला, गवताचं प्वाट कसं भरायचं, बाई? मी उठून म्हणणार होते, थांबा, अजून कुणी खाल्लेलं नाही. तोंड उघडलंही होतं.

पण पंगत बसली. माझ्यापुढंही पत्रावळ आली, वरण-भात आला, कुणीतरी तूप वाढलं. मी पिंडाकडं पाहिलं, तो तसाच होता, गवत त्याच्यावर आडवं पडलेलं. मला भूक लागली होती. मी जेवले.